गुणतक्त्यातली अर्धवट ओळ : १९०४ चा हंगाम

जुन्या स्पर्धांचे गुणतक्ते वाचत बसण्याचा मला छंद आहे आणि ज्या तक्त्याचा हिशेब सरळ जुळत नाही तो मला अधिक आवडतो. कॅनडातील ‘कॅनेडियन ॲमॅच्युअर हॉकी लीग’ या हौशी आइस हॉकी लीगचा १९०४ चा तक्ता त्यांपैकीच एक आहे. क्यूबेक, ओटावा आणि मॉन्ट्रियल शहरातील मॉन्ट्रियल, व्हिक्टोरियाज व शॅमरॉक्स असे पाच संघ त्यात होते. प्रत्येकाने उरलेल्या चौघांशी दोनदा खेळायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठ सामने येत. क्यूबेकने आठांपैकी सात जिंकून लीगचे विजेतेपद मिळवले. ओटावाच्या ओळीत मात्र आठ सामने भरतच नाहीत, आणि तरीही त्या हिवाळ्याच्या शेवटी स्टॅन्ले चषक, म्हणजे कॅनडातील आइस हॉकीचा सर्वोच्च मानाचा चषक, ओटावाकडेच होता.

याचे तात्कालिक कारण जवळजवळ क्षुल्लक म्हणावे असे आहे. जानेवारीच्या अखेरीस ओटावाचा संघ व्हिक्टोरियाजविरुद्धच्या सामन्यासाठी मॉन्ट्रियलला उशिरा पोहोचला, त्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्र झाल्यावर तो थांबवावा लागला. त्या वेळी ओटावा ४-१ असा पुढे होता. लीगने सामना पुन्हा खेळवण्याचा निर्णय दिला. विजेतेपद त्या सामन्यावर अवलंबून राहिले तरच आपण तो खेळू, अशी भूमिका ओटावाने घेतली. कोणीही मागे हटले नाही आणि फेब्रुवारीत ओटावाने लीगचा राजीनामा दिला. तीन गोलांनी पुढे असलेल्या संघाची नाराजी मी समजू शकतो, पण उशीर ज्याने केला त्यानेच अटी घालाव्यात हे मला पटत नाही. लीगलाही दोष द्यावाच लागेल, कारण असा प्रसंग आधीच्या नियमाने मिटायला हवा होता. तो हंगामाच्या मध्यावर, संतापलेल्या सभासदांच्या मतांवर सोडायला नको होता.

मात्र खरी अडचण त्या एका रात्रीपेक्षा खोल होती, असे मला वाटते. लॉर्ड स्टॅन्ले यांनी दिलेला चषक हा तेव्हा आव्हानाचा चषक होता : ज्याच्याकडे तो असेल त्याला, चषकाची व्यवस्था पाहणाऱ्या विश्वस्तांनी मान्य केलेल्या आव्हानवीरांशी खेळावे लागे. ओटावाने १९०३ सरताना आणि १९०४ उजाडताना विनिपेग रोइंग क्लबशी तीन सामने खेळले, फेब्रुवारीत टोरोंटो मार्लबरोजशी दोन, मार्चमध्ये मॉन्ट्रियल वाँडरर्सशी एक आणि ब्रँडनशी दोन. ही बेरीजही आठच भरते. म्हणजे नैसर्गिक बर्फाच्या त्या मोजक्या आठवड्यांत लीगच्या पूर्ण वेळापत्रकाएवढेच दुसरे वेळापत्रक एकाच संघाच्या डोक्यावर होते, आणि त्या दुसऱ्या वेळापत्रकावर लीगचा काडीचाही अधिकार नव्हता. लीग सोडल्याने आपले काय जाईल, या प्रश्नाचे उत्तर ओटावाला सोपे गेले असणार.

क्यूबेकने अर्थातच चषकावर हक्क सांगितला; चषक ज्या लीगमध्ये आहे तिचे विजेते आम्ही, मग तो आमचाच, हा त्यांचा युक्तिवाद मला तरी बिनतोड वाटतो. विश्वस्तांनी तो मानला नाही. दोन्ही विश्वस्त, जॉन स्वीटलँड आणि पी. डी. रॉस, ओटावाचेच रहिवासी होते. त्यांनी पक्षपात केला असे मी म्हणणार नाही, कारण मैदानावर हरल्याशिवाय चषक सोडू नये या म्हणण्यातही अर्थ आहे; पण क्यूबेकमध्ये बसून तो निकाल वाचणाऱ्याच्या मनात काय आले असेल हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

लीगच्या अंगणाबाहेरही शांतता नव्हती. डिसेंबर १९०३ मध्ये ‘फेडरल’ नावाची प्रतिस्पर्धी हौशी लीग उभी राहिली होती, आणि तिच्यातील वाँडरर्स संघात मॉन्ट्रियल क्लब सोडून आलेले गाजलेले खेळाडू होते. याच वाँडरर्सनी ओटावाला ५-५ असे बरोबरीत रोखले. विश्वस्तांनी मालिका ओटावात नव्याने खेळण्यास सांगितले, वाँडरर्सनी बरोबरीचा सामना मॉन्ट्रियलमध्येच पुन्हा व्हावा असा आग्रह धरला, आणि अखेर त्यांचे आव्हान रद्द झाले. पुन्हा खेळायला नकार देऊन लीगमधून बाहेर पडलेला ओटावा या खेपेस दुसऱ्याच्या हट्टामुळे सुटला, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.

पुढच्या हंगामात ओटावा त्याच फेडरल लीगमध्ये जाऊन खेळला. जुनी लीग १९०५ चा हंगाम पार पाडून संपली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात स्थापन झालेल्या नव्या संघटनेत ओटावा, वाँडरर्स, व्हिक्टोरियाज आणि क्यूबेक पुन्हा एकाच तक्त्यात आले. क्यूबेकला स्टॅन्ले चषक मिळायला १९१२ साल उजाडावे लागले. त्या संघाचा गोलरक्षक पॅडी मोरन होता. १९०४ मध्ये क्यूबेकच्या गोलपुढे उभा राहिलेलाही तोच.