सुकती नसलेले बंदर

नांगर टाकण्याआधी मी भाच्याला विचारले, "आज तिथी कोणती?" तो सुकाणूवर उभा होता. त्याने आधी माझ्याकडे आणि मग पाण्याच्या खोलीच्या आकड्याकडे पाहिले आणि म्हणाला, "मामा, इथे तिथीचं काही चालत नाही. पाणी आहे तिथेच राहतं."

हे बेक्वे. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटाच्या दक्षिणेला ग्रेनेडीन्स बेटांची जी माळ सुरू होते, तिच्यातले हे पहिले मोठे बेट. त्याचा विस्तार जेमतेम १८ चौरस किलोमीटर आहे. भाड्याच्या शिडाच्या नौकेतून आम्ही पहाटे अंधारातच सेंट लुशियाहून निघालो होतो. दुपारभर सेंट व्हिन्सेंटच्या ज्वालामुखीच्या आडोशाला वारा मरून पडला होता, आणि त्या बेटाचे टोक ओलांडताच पूर्वेचा वारा असा अंगावर आला की मोठे शीड निम्मे आवरून घ्यावे लागले. त्यानंतर एक डोंगरकडा डाव्या हाताला घालून आत वळलो आणि अॅडमिरल्टी बे समोर उघडली. वारा पूर्वेचा आणि बंदराचे तोंड पश्चिमेला, म्हणजे सगळे बंदर बेटाच्या पाठीआड बसलेले. आत पाण्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. परदेशातून आलेल्या नौकेने लावायचा पिवळा झेंडा दोरीवर चढवला. कागदपत्रे होईपर्यंत एकट्या कप्तानानेच किनाऱ्यावर जायचे असते, त्यामुळे भाचा रबरी होडीतून पोर्ट एलिझाबेथच्या धक्क्याकडे गेला आणि मी सुरकुती नसलेल्या त्या पाण्याकडे पाहत बसलो.

पाणी खरोखरच हलत नव्हते. किनाऱ्याची वाळू तास-दीड तासानंतरही तेवढीच दिसत होती. ज्याचे बालपण कोकणात वाघोटनच्या खाडीकाठी गेले, त्याला हे दृश्य जरा अस्वस्थ करते. आमच्याकडे समुद्र दिवसातून दोनदा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, घर सोडून जायचा आणि दोनदा परत यायचा, आणि माणसांची सगळी कामे त्याच्या येण्याजाण्याभोवती लावलेली असायची. लाँच कधी लागेल, खाडीचा तळ कधी उघडा पडेल, कालवे काढायला बायका कधी उतरतील, हे घड्याळ सांगत नसे. आजोबा तिथीची पाऊणपट करत: चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. पंचांग खुंटीला टांगलेले असे, पण ते उघडताना त्यांना मी क्वचितच पाहिले.

एका वैशाखी पौर्णिमेला काकांनी मला होडी बांधायला सांगितली. मी नऊ वर्षांचा होतो. पौर्णिमेची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला टेकलेले. होडीत लाँचवर चढवायच्या रायवळ आंब्यांच्या दोन पाट्या होत्या. दोर मी आखूड, ताठ आणि देखणा बांधला. होडी धक्क्याला अशी चिकटून राहिली की मला स्वतःचेच कौतुक वाटले. मग जेवण झाले, आणि मेमधल्या दुपारच्या जेवणानंतर माणसे जे करतात तेही झाले. तीन वाजता येऊन पाहतो तर होडी नाकावर लटकलेली, मागची बाजू चिखलात, आणि आंबे खाली त्या काळ्या चिखलात एकेक रुतून बसलेले, मातीत मुद्दाम लावल्यासारखे. काका ओरडले नाहीत. दोर सोडता सोडता एवढेच म्हणाले, "सुकती काय तुका इचारून लागतली?" पुढे घरात कोणतेही काम मी फार नेटके केले की हे वाक्य यायचेच. तेव्हापासून कुठलाही दोर मी वावभर जास्त सोडतो. गाठोडी बांधतानाही सोडतो. बायकोला त्याचा त्रास होतो.

बेक्वेच्या धक्क्यावर उतरल्यावर मी पहिल्यांदा त्याचा खांब पाहिला. आमच्याकडे खांबावर कालवे आणि शेवाळ पुरुषभर उंचीपर्यंत चढलेले असते, कारण उधाणाला पाणी दोन मीटरहून अधिक खालीवर होते. इथे तो हिरवा पट्टा जेमतेम दोन विती होता. भरती-ओहोटीचा एवढाच काय तो हिशेब. नांगराची साखळी सोडतानाही भाच्याने ५ मीटर पाण्याला पाचपट म्हणून २५ मीटर सोडली आणि मोकळा झाला. चढणाऱ्या पाण्याची वेगळी भर त्याने घातलीच नाही.

धक्क्याजवळ एका बाईच्या पुढ्यात निखाऱ्यावर नीरफणस भाजायला ठेवले होते. साल काळी होईपर्यंत भाजून मग तासायचे आणि फोडी करायच्या. त्या वासाने मी तिथेच थबकलो. ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन ब्लायने पॅसिफिकमधून नीरफणसाची रोपे १७९३ साली सेंट व्हिन्सेंटला आणली, ती मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसता यावे म्हणून. आमच्या परसात तो कुणी आणला, हे आजीने कधी विचारले नाही. ती रव्यात घोळवून काप करायची. मी दोन फोडी घेतल्या. मीठ कमी होते. शेजारच्या टपरीवर कोंबडीच्या रश्शाची रोटीही होती. १८६१ पासून मद्रासकडून आणलेल्या मजुरांमागून हा शब्द या बेटांवर कधीतरी उतरला असावा, असे खाता खाता वाटून गेले.

परतलो तेव्हा आमची रबरी होडी जागेवर नव्हती. मी तिला सवयीने भरपूर दोर सोडला होता, आणि ती त्या दोराच्या भरवशावर धक्क्याखाली शिरून दुसऱ्या तीन होड्यांच्या दोरांत गुरफटली होती. एक वयस्कर गृहस्थ गुडघ्यावर बसून ती सोडवत होते. मी क्षमा मागितली आणि माझ्या गावी समुद्र कसा निघून जातो ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि होडी पुन्हा बांधली. दोर आखूड, ताठ, देखणा.

"इथे पाणी चढतच नाही का?" मी विचारले.

त्यांनी हात धक्क्याकडे केला नाही. किनाऱ्यालगतच्या वाटेकडे आणि तिच्याही मागच्या भिंतीकडे केला. १९९९ च्या नोव्हेंबरात लेनी नावाचे चक्रीवादळ आले, असे ते म्हणाले. इकडची चक्रीवादळे पूर्वेकडून येतात आणि त्यांच्याकडे बेटाची पाठ असते. ते मात्र उलटे, पश्चिमेकडून आले. त्याच्या लाटा थेट बंदराच्या उघड्या तोंडातून आत शिरल्या. ते पुढे काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. सूर्य त्याच तोंडासमोर बुडत होता आणि पाणी तेलासारखे स्थिर होते.

रात्री जेवण झाल्यावर मी भाच्याला साखळी अजून ५ मीटर सोडायला सांगितले. त्याने वाद घातला नाही. पुढे जाऊन सोडली, आणि तिचा खडखडाट थांबल्यावर आम्ही दोघेही थोडा वेळ जागेच होतो.