तुम्ही विचारलंत म्हणून: सर्व्हर शिकायला कोणता क्लास लावू?

सर्व्हर (सतत चालू राहून इतर मशीनना सेवा देणारा कॉम्प्युटर) लावायला शिकायचंय, क्लास कोणता बरा, असं बरेच जण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: क्लास नंतर बघू. आधी एक जुनं मशीन घ्या, कोपऱ्यात ठेवा आणि गुरुवारची वाट बघा. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणं पुणेकरांना नवीन नाही. लाइट परत आल्यावर तुमचा हात न लागता सगळं पूर्ववत चालू झालं, तर तो सर्व्हर. नाहीतर तो नुसता मॉनिटर काढलेला कॉम्प्युटर.

मशीन साधं चालतं: कंपनीतून निघालेला आय-फाइव्ह डेस्कटॉप, 8 जीबी रॅम, 256 जीबीची एसएसडी. त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाका. इन्स्टॉल करताना सॉफ्टवेअरची यादी येते, तिथे डेस्कटॉपची खूण काढून एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आज्ञा टाइप करून या मशीनमध्ये शिरायची सोय) आणि नेहमीची साधनं एवढंच ठेवा. माउस सुटला की शिकणं सुरू होतं.

पहिली गफलत पत्त्याची, म्हणजे नेटवर्कवर मशीनला मिळणाऱ्या आयपी क्रमांकाची. राउटर 192.168.1.100 ते 200 पत्ते वाटत असेल, तर सर्व्हरला 192.168.1.10 द्या. वाटपातलाच एखादा पत्ता हाताने दिलात, तर कधीतरी राउटर तोच पाहुण्यांच्या फोनला देतो आणि दोघांचंही कनेक्शन अडखळायला लागतं. वायफायवर सर्व्हर ठेवू नका, केबल ओढा. केबलच्या टोकांना प्लग स्वतः बसवणार (क्रिम्प करणार) असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्याची किंवा तपकिरीची तार नीट बसली नाही तरी केबल चालते, पण गिगाबिटऐवजी 100 एमबीपीएसवर. त्यामुळे चूक महिनोन्‌महिने कळतच नाही.

एसएसएचची की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) टाकलीत तरी पासवर्ड विचारतोय? बहुतेक वेळा परवानग्या (फाइल कोणाला वाचता-बदलता येईल हे ठरवणारे आकडे) चुकलेल्या असतात. एसएसएचच्या फोल्डरला 700 आणि आतल्या ऑथोराइज्ड कीजच्या फाइलला 600 लागतं. जास्त मोकळीक दिसली की सर्व्हर ती की गुपचूप नाकारतो. कारण लॉगमध्ये लिहिलेलं असतं, पण तिथे बघतो कोण! फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी भिंत) चालू करण्याआधी पोर्ट 22, म्हणजे एसएसएचचं दार, उघडा. पासवर्ड लॉगिन बंद करताना एसएसएचची जुनी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय ना, ते बघा. घरी चुकलं तर मॉनिटर जोडता येतो, भाड्याच्या सर्व्हरवर बाहेर अडकलात की मग कन्सोल (मॉनिटर-कीबोर्डची ऑनलाइन सोय) शोधत बसा.

आता गुरुवार. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. ती बहुधा बंदच राहण्यावर असते, ती चालूवर करा. मग सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम. त्या हाताळणाऱ्या सिस्टिमसीटीएल कमांडचं ‘स्टार्ट’ फक्त आत्तापुरतं असतं. दर बूटला सर्व्हिस उठायची असेल तर ‘एनेबल’ लागतं. पण सगळ्यात जास्त रडवते ती एफएसटॅबची फाइल, म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी. बॅकअपची यूएसबी डिस्क तिथे लिहिलीत आणि पुढे ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे चल) घातलं नाहीत, तर डिस्क न सापडल्यास मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. नेटवर्क नाही, एसएसएच नाही. तुम्ही ऑफिसात, सर्व्हर घरी.

जुन्या मशीनचं घड्याळ लाइट गेल्यावर काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर-2032 सेल संपलाय. तारीख चुकली की वेबसाइटची ओळख पटवणारी सर्टिफिकेट्स अवैध ठरतात, अपडेट अडतात आणि माणूस इंटरनेटला शिव्या देत बसतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत तो सेल सहज मिळतो.

यूपीएस 600 व्हीएचा पुरतो, पण घेताना यूएसबी पोर्ट आहे ना, ते बघा. तो नसेल तर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही आणि तो व्यवस्थित बंद होण्याऐवजी धाडकन पडतो. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.

बाहेरून घरच्या सर्व्हरला जोडायचं असेल, तर राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता तपासा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. तिथे पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून सर्व्हरकडे वळवण्यावर) रात्री जाळू नका. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) घ्या, नाहीतर भाड्याच्या छोट्या सर्व्हरमार्फत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा.