पिवळी कण्हेर ओळखताना: आधी पान, मग फळ

कुंपणालगतचं पिवळ्या फुलांचं झाड बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आहे का हे ठरवताना मी आधी फुलाकडे बघत बसलो आणि तिथेच चुकलो. पिवळं, कर्ण्यासारखं फूल टेकोमा आणि अलामांडा या बागेतल्या झाडांनाही येतं. शिवाय बिट्टीत पांढरी आणि नारिंगी फुलंही असतात.

मग पानांकडे वळलो. टेकोमाचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक छोट्या पानांचं, कडा करवतीसारख्या, चीक नाही. ते लगेच बाद झालं. अलामांडाची पानं एका पेरावर तीन-चार, गोल रचलेली. लाल-पांढऱ्या कण्हेरीचीही बहुधा तीन-तीन. या झाडावर मात्र प्रत्येक पान सुटं, फांदीभोवती जिन्यासारखं चढत गेलेलं: 10 ते 15 सेंमी लांब, रुंदी जेमतेम 1 सेंमी, चकचकीत, बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. हातमोजे घालून देठ मोडला तर पांढरा चीक आला. नुसत्या चिकावर मात्र जाऊ नये, तो रुईला आणि चाफ्यालाही येतो.

खात्री झाली ती फळाने. हिरवं, गुळगुळीत, 3-4 सेंमीचं, बसकं आणि तिकोनी. पिकून खाली पडलेलं काळं. आत एकच टणक आठळी. हीच ती पोरांची खेळायची बिट्टी. अलामांडाचं फळ काटेरी असतं, लाल-पांढऱ्या कण्हेरीला लांबट शेंगा येतात.

झाडाचा प्रत्येक भाग विषारी, पण सगळ्यात घातक आठळीतल्या बिया. त्यातलं थेवेटिन हे विष हृदयाच्या पेशींमधला सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे हे क्षार पेशीत आत-बाहेर करणारी यंत्रणा, रोखतं. आधी मळमळ, उलट्या. मग ठोके मंद आणि अनियमित. बी वाळली तरी विष जात नाही. मुलाने आठळी फोडून गर चाखल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू होण्याची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. 108 ला फोन करा आणि फळ-पानासकट फांदी पिशवीत घालून सोबत न्या. झाड नेमकं कळलं की डॉक्टर ईसीजीवर लक्ष ठेवून उपचार लगेच ठरवू शकतात.

बिट्टी तोडायलाच हवी असं माझं मत नाही. पण लहान मुलं खेळतात तिथे ती नकोच. इतरत्र खाली पडलेली फळं रोज वेचावीत, छाटणीला हातमोजे आणि चष्मा घालावा, कारण चीक डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. छाटलेल्या फांद्या शेकोटीत घालू नयेत, गुरांपुढेही टाकू नयेत.