कुत्र्याचं घर, माणसांची बोली

अमेरिकेत कुत्र्यासाठी बांधलेल्या घरात कुत्रा राहीलच असं नाही. इथली बहुतेक पाळीव कुत्री सोफ्यावर झोपतात, काही थेट मालकाच्या पलंगावर, आणि मालक उरलेल्या कडेवर. अंगणातल्या घराची त्यांना फारशी गरज उरलेली नाही. तरीही कितीतरी शहरांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था कुत्र्यांच्या घरांचा लिलाव करतात. हौशी सुतारांपासून नावाजलेल्या आर्किटेक्टपर्यंत लोक ती फुकट बांधून देतात आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या घराच्या कितीतरी पट किमतीला ती उचलली जातात. गेली काही वर्षं मीही या उद्योगात आहे. घरी फोन केला की "सध्या काय चाललंय?" या प्रश्नाला मी "कुत्र्याचं घर बांधतेय" म्हणते आणि पलीकडे जी शांतता पसरते, तिच्यासाठी हा लेख.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. इथली बरीच शेल्टर्स, म्हणजे बेवारस प्राण्यांचे निवारे, देणग्यांवर चालतात. कुत्र्यामांजरांची नसबंदी, लसी, औषधं, खाणं, सगळा खर्च त्यातूनच भागवायचा. त्यासाठी वर्षातून एकदा मोठा समारंभ होतो. जेवण, ठेवणीतले कपडे आणि लिलाव. लिलाव दोन तऱ्हांचा असतो. एक मूक लिलाव : वस्तू टेबलावर मांडलेल्या, प्रत्येकीपुढे एक कागद, त्यावर आपला नंबर आणि रक्कम लिहायची, कोणी वर गेलं की आपण पुन्हा वर जायचं. हल्ली हे काम फोनवरच्या अ‍ॅपवर होतं, त्यामुळे जेवता जेवता लोक गुपचूप एकमेकांवर कुरघोडी करत असतात. दुसरा मंचावरचा, भराभरा बोलणारा लिलाववाला आणि वर होणाऱ्या नंबरांच्या पाट्या. कुत्र्याचं घर टेबलावर मावत नाही, म्हणून ते दाराशी उभं करतात. येणारा प्रत्येक जण त्याच्याशेजारी फोटो काढतो, दोन-चार जण आत डोकं घालून बघतात, आणि माणसं बोलायला लागतात. शेल्टरच्या दृष्टीने घराची निम्मी कमाई तिथेच झालेली असते.

काही ठिकाणी तर अख्खा कार्यक्रमच घरांचा असतो. ऑस्टिन, ह्यूस्टन अशा शहरांत 'बार्किटेक्चर' या नावाने आर्किटेक्ट मंडळींच्या स्पर्धा झाल्या आहेत. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनात 2018 मध्ये अशा घरांचं प्रदर्शन भरलं, त्यात जगप्रसिद्ध आर्किटेक्ट झहा हदीद यांच्या कंपनीने केलेलं घरही होतं. जपानी डिझायनर केन्या हारा यांनी 2012 मध्ये सुरू केलेला 'आर्किटेक्चर फॉर डॉग्ज' हा उपक्रम मला या सगळ्यांत जास्त भावतो. त्यात केंगो कुमा, तोयो इतो, शिगेरू बान अशा दिग्गज आर्किटेक्टांनी एकेका जातीचा कुत्रा डोळ्यांपुढे ठेवून रचना केल्या, आणि त्यांचे आराखडे कोणीही फुकट उतरवून घेऊन घरी बांधावेत अशी सोय ठेवली. बान यांनी तर आपल्या नेहमीच्या कागदी नळ्याच वापरल्या.

माझा शिरकाव मात्र अगदी साध्या वाटेने झाला. गावात सगळ्यांसाठी खुलं असलेलं सुतारकामाचं वर्कशॉप आहे, वर्गणी भरा आणि यंत्रं वापरा. तिथे मी पुस्तकांची मांडणी करायला जात होते. शेजारीण शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला जाते. तिने मांडणी पाहिली आणि विचारलं, "यालाच छप्पर घालता येईल का?"

या कामातली खरी मेख अशी की घराला गिऱ्हाइकं दोन. एक बोली लावणारं, दुसरं आत झोपणारं. पहिल्याला घर गोंडस हवं, दुसऱ्याला लहान. हो, लहानच. माणसाला वाटतं ऐसपैस जागा दिली की कुत्रा सुखी. पण या घरात शेगडी नसते, थंडीत कुत्र्याच्या अंगाची ऊबच आतली हवा तापवते. जागा जास्त असेल तर ती ऊब पुरी पडत नाही. म्हणून घराच्या लांबीचा ढोबळ नियम असा : कुत्र्याची नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक तिचा पाव भाग. उभं राहता यावं, गोल फिरून अंग दुमडता यावं, बस. दार खांद्याच्या उंचीच्या तीन चतुर्थांश ठेवलं तरी चालतं, कारण कुत्रा मान खाली घालूनच आत शिरतो. दार मध्यभागी न ठेवता एका बाजूला सरकवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूला वारा न लागणारा कोपरा तयार होतो. जमिनीपासून दोन-चार इंच उंच पाय, नाहीतर ओल वर चढते. आणि छप्पर बिजागरीवर उघडणारं, कारण आतून झाडणार कोण आणि कसं?

मापं घ्यायला मी शेल्टरमध्ये जाते. पुस्तकात आकडे असतात, लॅब्रॅडॉर खांद्यापाशी साडेएकवीस ते साडेचोवीस इंच, बीगल पंधरा इंचांच्या आत, पण शेल्टरमधली बहुतेक कुत्री कोणत्याच एका जातीची नसतात. मागच्या वेळी मापाला मिळाला तो मध्यम चणीचा, तपकिरी, एक कान उभा आणि एक आडवा. टेप मानेपाशी नेली की तो ती चाटायचा, शेपटीपाशी नेली की वळून पुन्हा चाटायला यायचा. लांबीचं माप काही हाती लागेना. शेवटी शेजारणीने भिंतीला कागद लावला, त्याला बिस्किटाच्या लालचीने कडेला उभं केलं आणि मी पेन्सिलने नाकाची आणि पाठीची खूण केली. टेप कागदावर लावली. त्या कागदावर अजून जिभेचा डाग आहे.

लाकडाच्या बाबतीत इथली एक गंमत. दुकानात 'टू बाय फोर' म्हणून जी पट्टी मिळते ती प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते. रंधा मारून सुकल्यावर उरतं ते हे, नाव मात्र जुनंच. छोट्या घरात प्रत्येक अर्धा इंच मोजावा लागतो, त्यामुळे हे डोक्यात पक्कं बसवावं लागतं. प्लायवुडचा तक्ता चार बाय आठ फुटांचा. मध्यम कुत्र्याच्या घराच्या भिंती एका तक्त्यात बसवणं हा माझा आवडता खेळ आहे, चौकोनी कागदावर तुकडे फिरवत रविवार जातो. भिंत दुहेरी करायची झाली तर मध्ये फोमचा पातळ थर आणि आतून पुन्हा प्लाय. तो आतला प्लाय वाचवायचा नाही. उघडा फोम कुत्र्याला दिसला की तो खाल्लाच म्हणून समजा.

खाण्यावरूनच बाकीचे नियमही आले आहेत. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे-स्क्रू आत उघडे ठेवायचे नाहीत, चघळताना पोटात गेलेलं जस्त कुत्र्याला घातक ठरतं. स्टेनलेस स्टीलचे वापरायचे आणि डोकी लाकडात बुडवायची. वाळवी-बुरशीपासून वाचवायला रसायन मुरवलेलं लाकूड इथे सर्रास मिळतं. 2003 सालापर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असायचं, ते नंतर बंद झालं. म्हणून कोणी जुन्या डेकच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याच्या, फळ्या प्रेमाने देऊ केल्या तरी मी घेत नाही. रंगाचं तसंच : 1978 नंतर इथल्या घरगुती रंगात शिसं नाही, पण त्याआधीच्या घराचं रंगवलेलं दार 'सुंदर जुनं लाकूड' म्हणून कापायला घेणारे महाभाग मी पाहिले आहेत.

आणि रंग तरी कोणासाठी? लाल कोठाराच्या आकाराचं घर लिलावात हमखास चालतं. पांढऱ्या कडा, फुल्यांची दारं, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. कुत्र्याला मात्र लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, त्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा नीट कळतो. मी बाहेरून लाल देते आणि आतून फिकट निळा. विचारलं तर सांगते, न विचारणाऱ्याला सांगत नाही.

देखणेपणाच्या नादात काय होतं याचा नमुना अमेरिकेतला सुप्रसिद्ध आर्किटेक्ट, दस्तुरखुद्द फ्रँक लॉइड राइट याने देऊन ठेवला आहे. कॅलिफोर्नियात त्याने आराखडा दिलेल्या एका घरातल्या बारा वर्षांच्या मुलाने 1956 मध्ये त्याला पत्र लिहिलं : आमच्या एडी नावाच्या कुत्र्यासाठी घराला शोभेल असं घर काढून द्या, पैसे मी पेपर टाकून कमावलेल्यातून देईन. राइट तेव्हा नव्वदीला टेकलेला, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमच्या कामात बुडालेला. त्याने कळवलं की आत्ता वेळ नाही, नोव्हेंबरात पुन्हा लिही. पोराने नेमाने पुन्हा लिहिलं. पुढच्या वर्षी आराखडे आले, एक पैसा न घेता. त्रिकोणी घर, बसकं छप्पर, लांब वळचण, सगळं अगदी राइट छापाचं. ते प्रत्यक्ष बांधलं गेलं 1963 मध्ये. छप्पर गळायचं, आणि कुत्र्याने आत जायला साफ नकार दिला. राइटच्या मोठ्या घरांबद्दलही गळतीची तक्रार प्रसिद्धच आहे, तेव्हा शैलीत सातत्य होतं म्हणायचं. मूळ घर नंतर टाकून दिलं गेलं. 2010 मध्ये त्याच मुलाने, म्हणजे आता म्हाताऱ्या झालेल्या त्या गृहस्थांनी, भावाबरोबर ते पुन्हा बांधलं आणि पुढे ते राइटनेच आराखडा दिलेल्या, कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या सरकारी इमारतीत ठेवलं गेलं. लिलावाला आणलं असतं तर त्याची बोली आकाशाला भिडली असती. एडीचं मत तेच राहिलं असतं.

लिलावात काय विकलं जातं याचे माझे काही ठोकताळे झाले आहेत. आतून झुंबर आणि वॉलपेपर लावलेल्या घरांपुढे फोटोवाल्यांची गर्दी होते, बोली मात्र अडते, कारण ते ठेवायचं कुठे हा प्रश्न घरी जाताना आठवतो. उलट छप्पर सपाट आणि मजबूत असेल, वर बसता येत असेल, तर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि हात वर होतो. खांबांवर किंवा कडेला झाडांसाठी पन्हळ काढलेली असेल तर आजीबाई खूश. नावाची पाटी कोरी ठेवायची आणि 'नाव नंतर कोरून मिळेल' असं लिहायचं. 'तुमच्या घराची हुबेहूब छोटी प्रतिकृती बांधून देऊ' अशी नुसती चिठ्ठी लिलावात ठेवली तर ती तयार घराहून जास्त खेचते, फक्त मग गिऱ्हाइकाच्या घराला किती कोन आहेत ते आधी विचारलेलं बरं. सगळ्यात महत्त्वाचं, घर हॉलच्या दारातून आत आणि गाडीच्या डिकीतून बाहेर गेलं पाहिजे. म्हणून मी भिंती बोल्टवर जोडते आणि पाच मिनिटांत सुटतील अशा ठेवते. 'घरपोच' एवढा एक शब्द पाटीवर लिहिला तरी बोली वर सरकते.

मागच्या समारंभात दोन टेबलांत जुंपली. एका बाजूला दंतवैद्य बाई, दुसऱ्या बाजूला छपराची कामं करणारे एक काका. काकांनी उठून, घराभोवती फेरी मारून, खाली वाकून वळचणीच्या सांध्यात बोट घातलं आणि मान डोलावली. मला वाटलं जिंकलेच. पण बाई हटल्या नाहीत. घर त्यांच्याकडे गेलं आणि मला नंतर कळलं की त्यांच्याकडे दोन मांजरी आहेत, कुत्रा नाही.

पैशांचा हिशेबही मजेशीर आहे. इथल्या करनियमांनुसार विकत घेणाऱ्याला पूर्ण रकमेवर सूट मिळत नाही, वस्तूच्या बाजारभावाच्या वर जेवढं मोजलं तेवढीच देणगी धरली जाते. रक्कम 75 डॉलरच्या वर असेल तर संस्थेने तो बाजारभाव लेखी कळवायचा असतो. बांधणाऱ्याला लाकूड, स्क्रू, रंग यांचा खर्च दाखवता येतो, मेहनतीचा मात्र एक सेंटही नाही. सरकारच्या लेखी माझे सगळे रविवार बिनमोल आहेत, दोन्ही अर्थांनी.

कापाकापीतून उरलेला प्लाय आणि फोम मी टाकत नाही. त्यातून भटक्या मांजरांसाठी हिवाळ्यातली खोकी होतात. पकडून, नसबंदी करून पुन्हा मूळ जागी सोडलेली ही मांजरं माणसाच्या घरात राहायला तयार नसतात, त्यामुळे ही खोकी खरोखर वापरली जातात. रंग नाही, पाटी नाही, लिलावात कोणी ढुंकून बघणार नाही असा ठोकळा. आत पेंढा भरायचा. चादर किंवा जुना टॉवेल नाही, ते ओल धरतात आणि गोठतात. वैरणीचं गवतही नाही, तेही भिजून बसतं. खोका दोन मांजरांपुरता, दार साधारण सहा इंचांचं. शेजारणीला ते आठ इंचांचं हवं होतं, जाड्या बोक्यासाठी. मी सहावरच अडून बसले, कारण मोठ्या दारातून पहिला भाडेकरू रॅकूनच येतो, म्हणजे रात्री हिंडणारा इथला जंगली प्राणी.