भिंत कोरीच दिसते की

सकाळी साडेदहाला सगळे येऊन आपापल्या खुर्च्यांवर बसले आणि भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका आजोबांनी पंखा कमी करायला सांगितला. दोन आज्यांचं गुडघेदुखीवरचं बोलणं आदल्या दिवशी जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. मी भिंतीपाशी उगाच घुटमळत होते. शेवटी न राहवून विचारलं, “कशी झालीय आपली भिंत?”

“रंग दिला का गं? स्वच्छ दिसतेय,” खिडकीजवळच्या आजी म्हणाल्या.

त्या भिंतीवर पन्नासहून जास्त फुलं होती. पाकळी न् पाकळी याच अकरा जणांच्या हातची.

मी वयस्कर मंडळींच्या दिवसभराच्या केंद्रात काम करते, हस्तकलेचा तास माझ्याकडे. वसंत ऋतूची एक भिंत करायची असं ठरवलं होतं: तपकिरी कागद पिळून केलेली लांब फांदी, तिच्यावर पाच पाकळ्यांचा बहर, कोवळी पानं, वरच्या कोपऱ्यात दोन पक्षी. रंग मी मुद्दाम हलके निवडले. पांढरा, अगदी फिका गुलाबी, साय-पिवळा, पानांना पोपटीची पुसट छटा, पक्षी आभाळी. म्हाताऱ्या माणसांसाठीची हस्तकला म्हटली की लाल-पिवळी, डोळ्यांत घुसणारी फुलपाखरं समोर येतात आणि सगळ्याला बालवाडीची कळा येते. ज्यांनी आयुष्यभर घरं, दुकानं, कचेऱ्या चालवल्या त्यांच्यापुढे ते ठेवायला मला लाज वाटते. म्हणून हे नाजूक रंग. माझ्या दृष्टीनं तो त्यांचा मान होता.

चार बैठका झाल्या, आणि त्या खरंच छान झाल्या. क्रेप कागदाच्या सुरकुत्या एकाच दिशेनं धावतात. पाकळीची उंची त्या सुरकुत्यांच्या दिशेनं धरून कापली, तर दोन अंगठ्यांनी मधला भाग आडवा ताणला की पाकळीला वाटीसारखा खोलगट आकार येतो. उलट्या दिशेनं कापलेली पाकळी मात्र कितीही ताणा, सपाटच राहते. हे मी सांगायच्या आधीच एका आजींनी कागद दोन्हीकडून ओढून पाहिला होता. “हा इकडून ताणतो, तिकडून नाही,” एवढं म्हणून त्या कामाला लागल्या. ज्यांची बोटं सांधेदुखीनं आखडली आहेत त्यांच्यासाठी स्प्रिंगची कात्री आणली होती. ती दाबली की कापते, सोडली की आपोआप उघडते. त्यामुळे अंगठ्याचे निम्मे कष्ट वाचतात. एका काकांचा डावा हात लकव्यानं गेला आहे. त्यांच्या कागदाखाली ओला करून पिळलेला नॅपकिन आणि त्यावर जाड पुठ्ठा ठेवला, पुठ्ठ्यावर कागद चिकटपट्टीनं धरून दिला. पुठ्ठा हलेना, आणि एका हातानं त्यांनी नऊ फुलं केली.

हात थरथरणारे एक आजोबा होते, त्यांच्याशी कात्रीचं जमेना. त्यांनी कात्री बाजूला सारली आणि पाकळ्या सरळ फाडायला सुरुवात केली. फाडलेल्या कागदाची कड तंतूतंतूची, मऊ निघते. त्यांची फुलं सगळ्यांत जिवंत दिसत होती, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “उगाच चढवू नकोस.”

चौथ्या दिवशी सगळे घरी गेल्यावर मी एकटीनं भिंत लावली. फोटो काढला, घरी दाखवला. मोबाईलवर फार सुरेख दिसत होती.

आणि आता हे. आणखी दोघांना विचारलं. एक म्हणाले, “ती काठी कशाला लावलीय?” म्हणजे फांदी. फांदी दिसत होती, फुलं नव्हती.

त्या क्षणी मी जो निष्कर्ष काढला तो सांगायलाच हवा, कारण खरी चूक तिथे झाली. मला वाटलं, विसरले. अकरांपैकी तिघांना विसराळूपणाचा त्रास आहे. बाकीच्यांचंही वय झालेलं. चार दिवस खपून केलेलं पाचव्या दिवशी गेलं डोक्यातून. मन खट्टू झालं, पण नवल वाटलं नाही. रोजच्या नोंदवहीत मी लिहूनही टाकलं: ‘केलेलं काम आठवत नाही.’ अकरा जणांना मिळून एक ओळ.

त्यानंतर वीसेक मिनिटांनी पाणी प्यायला उठलेल्या एक आजी भिंतीसमोर थांबल्या. सहा-सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं. त्यांनी तळहातानं डावा डोळा झाकला.

“अगं बाई, फुलं आहेत की इथे! केवढी!”

मग हात उजव्या डोळ्यावर नेला. “गेली.” पुन्हा डावा झाकला. “आली.” तीन-चार वेळा त्यांनी हे केलं आणि मग त्या हसायलाच लागल्या. “या नव्या डोळ्यानं पांढरं ते पांढरं दिसतं. जुन्यानं सगळं चहाच्या डागासारखं. तुझी भिंतही त्याच रंगाची, फुलंही त्याच रंगाची. दिसणार कशी?”

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळ्या बाजूचा उजेड अडवू लागतं, बाहुलीही लहान होते, हे मी कधीतरी वाचलं होतं. वाचलेलं वेगळं आणि समोर एक बाई हात हलवून भिंतीवरची फुलं घालवते-आणते ते वेगळं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांची अशीच गत झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, १९२३ मध्ये फक्त उजव्याची शस्त्रक्रिया, आणि मग एकाच बागेचे दोन डोळ्यांना दोन रंग. आमच्या आजींना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग त्यांनाही कुणीतरी विसरभोळे म्हटलं असेल.” त्यांना माझ्या वहीचं काही माहीत नव्हतं.

कपाटात पिवळा जिलेटिन कागद होता. त्याचे दोन थर करून माझ्या चष्म्यावर चिकटवले आणि खिडकीजवळच्या आजींच्या खुर्चीत जाऊन बसले. साय-पिवळी फुलं पहिल्यांदा गेली, मग पांढरी. भिंत मुळातच क्रीम रंगाची. आभाळी पक्षी आणि पोपटी पानं एकाच मळकट छटेची झाली. फिक्या गुलाबीचे तेवढे पुसट डाग उरले. त्यात खिडकीचा झोत तिरपा डोळ्यांवर. मीच बनवलेली, मीच लावलेली भिंत मला तीन मीटरवरून वाचता येईना. नंतर तोच फोटो मोबाईलवर कृष्णधवल करून पाहिला तर तसंच: फुलं आणि भिंत एकाच राखाडीची. आता हे मी लावायच्या आधीच करून बघते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

जेवणानंतर मी सगळ्यांपुढे कबुली दिली. रंग माझे चुकले, फुलं तुमची उत्तम आहेत. एकानं सुचवलं, लाल-नारिंगी करू. दुसऱ्या आजी लगेच म्हणाल्या, “नको, भडक नको. हीच ठेवा.” आणि त्यांचं बरोबर होतं. फिक्या रंगानं काही बिघडवलं नव्हतं, फिक्यावर फिका लावल्यानं बिघडलं होतं. फुलं तीच ठेवून मागे गडद कागद घालायचा, एवढंच.

गडद निळ्या कार्डशीटचे आठ ताव निघाले. फुलं डबल टेपवर होती, ती सुरीच्या बोथट पात्यानं अलगद सुटली. सात फाटली, त्यांच्या पाकळ्या दुसऱ्यांना लावल्या. तीन वाजेपर्यंत ताव भिंतीवर आणि फुलं तावांवर. खिडकीजवळच्या आजींनी या वेळी आपणहून बोट केलं: “ते गुलाबी माझं. त्याला सहा पाकळ्या झाल्यात, मोजताना चुकले मी.” म्हणजे सगळं आठवत होतं.

पण आता फांदी गायब. गडद निळ्यावर गडद तपकिरी. सकाळी जी एकटीच दिसत होती तीच नेमकी बुडाली आणि बहर अधांतरी लटकायला लागला. मी पुन्हा कपाळाला हात लावला. तेव्हा थरथरत्या हातांच्या आजोबांनी उरलेला पांढरा कागद पुढे ओढला आणि त्याच्या अरुंद, वेड्यावाकड्या पट्ट्या फाडायला लागले. “फांदीच्या वरच्या अंगाला लाव. ऊन पडतं ना, तसं.” मी गोंद लावत गेले, ते पट्ट्या देत गेले. हात थरथरल्यामुळे एकही पट्टी सरळ निघाली नाही, आणि फांदीला सरळ पट्टी शोभलीही नसती.

जायची वेळ झाली तेव्हा मी वही उघडली. ती ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं: ‘दिसत नव्हतं.’ दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी विचारलं, खाडाखोड कसली? मी त्यांना पिवळा चष्मा घालायला दिला आणि जुना फोटो दाखवला.

ऑपरेशनवाल्या आजी निघताना भिंतीसमोर उभ्या राहिल्या. एक डोळा झाकला, मग दुसरा. “दोन्हींनी दिसतंय,” म्हणाल्या. “पण हा वरचा डावा पक्षी जुन्या डोळ्याला मेल्यासारखा दिसतो. उद्या त्याला पांढरी किनार लावू.”