अरुल्कोची वही: आयर्न मॅन, ड्रॅसनपर्यंत

शनिवारी रात्री साडेअकराला, माझ्या जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये, बॅरी नावाचा माझा भाडोत्री सैनिक ड्रॅसन गावच्या धावपट्टीच्या कडेला दबा धरून बसला होता. समोर अंधारात शत्रूचे दोन लाल शर्टवाले. माझा टर्न, चालायला-मारायला लागणारे पॉइंट हाताशी. आणि कोथरूडात लाइट गेली.

यूपीएसची बॅटरी दिवाळीपासूनच मेलेली आहे, आज बदलू उद्या बदलू चाललंय. आणि मी खेळतेय आयर्न मॅन पद्धतीने, त्यात सेक्टरमध्ये (नकाशाच्या चौकोनात) शत्रू असताना सेव्ह करता येत नाही. म्हणजे शेवटचा सेव्ह सेक्टरमध्ये शिरण्याआधीचा, आणि पाऊण तासाची रांगत रांगत केलेली सगळी वाटचाल पाण्यात. आई अंधारातून म्हणाली, "बरं झालं, आता तरी झोप."

ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जॅग्ड अलायन्स 2, टर्न घेत खेळायचा लढाईचा गेम, 1999 चा, कॅनडातल्या सर-टेकचा. अरुल्को नावाचा काल्पनिक देश, तिथली राणी डेड्राना, आणि तिला हटवायला भाड्याने घेतलेले आपले लोक. आमच्याकडे तो दादाने बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या एका गल्लीतून आणला होता, झेरॉक्स केलेल्या कव्हरच्या सीडीवर. खेळायचा तो. मी शेजारी स्टुलावर बसून "तिकडे नको जाऊस, तिकडे कोणीतरी आहे" एवढंच करायचे. गोळी हुकली की दादा आधीचा सेव्ह लोड करायचा. लागेपर्यंत लोड. त्यामुळे आमच्या घरात हा गेम कोणी हरलेलंच नाही, आणि तो नेमका किती अवघड आहे हे वीसेक वर्षं कोणाला कळलंही नाही. म्हणून या वेळी आयर्न मॅन, मधली पातळी, सुरुवातीला 35,000 डॉलर.

हा जुना गेम आत्ताच्या मशीनवर कसा चालवतेस, असं दोघातिघांनी विचारलं होतं. सीडी आता वाचलीच जात नाही, तेव्हा गेम रीतसर विकत घेतला. पण मूळ exe च्या नादी लागले नाही: तो सोळा बिट रंगांच्या काळातला, आत्ताच्या मशीनवर कधी काळा पडदा, कधी नकाशा बोट लावताच सुसाट पळतो. खुला झालेला सोर्स कोड घेऊन बनवलेलं स्ट्रासियाटेला आहे, ते फक्त इंजिन बदलतं. मूळ गेमच्या फाइल्स लागतातच, लाँचरमध्ये तो फोल्डर दाखवायचा की झालं. लिनक्स मिंटवर दहा मिनिटांत गेममधला बंडखोरांचा नेता मिगेल माझ्याशी बोलायला तयार होता. 1.13 हा चाहत्यांनी बनवलेला मॉडही भारी आहे, पण त्यात बंदुकांचं दुकानच उघडतं, आणि मला दादाचाच गेम खेळायचा होता.

खरा वेळ रिझोल्यूशनने खाल्ला. मूळ गेम 640 बाय 480. मी आधी हावरटासारखं 1920 बाय 1080 टाकलं. अर्धं ड्रॅसन एका नजरेत दिसतं खरं, पण माणसं मुंगीएवढी. कोण वाकलंय, कोण झोपलंय ते नाकाजवळ स्क्रीन आणल्याशिवाय कळेना. मग 1280 बाय 720: आकार बरा, पण अक्षरं चष्म्यावर वाफ धरल्यासारखी, कारण 1080 च्या मॉनिटरवर एक पिक्सेल दीडपट ताणला जातो आणि पिक्सेलला दीड होता येत नाही. शेवटी 960 बाय 540. बरोब्बर अर्धं. एका पिक्सेलचे दोन बाय दोन होतात, स्केलिंग 'परफेक्ट'वर ठेवायचं, आणि सगळं कसं धारदार. 1080 पी मॉनिटर असेल तर बाकी काही करत बसू नका. गेममधल्या लॅपटॉपचा पडदा आणि मोठा नकाशा मात्र मूळ आकारातच मधोमध दिसतो, भोवती काळी चौकट. चालतं.

टीम: स्वतःचं पात्र (तीन हजार डॉलर आणि पात्र बनवताना विचारतात त्या चमत्कारिक प्रश्नांची उत्तरं, नाव ठेवलं कमळा, विस्डम कमाल म्हणजे 85, कारण शिकण्याचा वेग त्यावर आहे), इगोर, फॉक्स आणि बॅरी. ओमेर्टा या सुरुवातीच्या गावात फातिमाला पत्र दिल्यावर इरा फुकटात मिळते. तिला कमी लेखू नका. मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांचं रक्षकदल, शिकवण्यात ती पैसे घेणाऱ्या कित्येकांना मागे टाकते. एमईआरसी या स्वस्तातल्या भाडोत्री कंपनीची मंडळी अजून घेतलेली नाहीत. तिथे वाण्याकडच्यासारखं खातं चालतं, आधी माणूस न्या, पैसे मागाहून. माझा हात अशा ठिकाणी सैल सुटतो.

रविवारी दुपारी धावपट्टीवर पुन्हा गेले. अर्थात गेममधल्या रात्रीच, कारण अंधारात शत्रूलाही लांबचं दिसत नाही. इथे एक गोष्ट लक्षात आली, जी स्टुलावर बसून कधीच कळली नव्हती: हा गेम नेम लागण्याची टक्केवारी दाखवत नाही. 2012 च्या एक्सकॉम गेमपासून सवय झालीय, 65 टक्के म्हणजे घ्यायचं, 40 म्हणजे सोडायचं. इथे नेमाचं नुसतं गोल. राइट क्लिक करत नेम वाढवायचा, दर क्लिकला पॉइंट जातात, टर्नला पंचवीसच्या वर मिळत नाहीत. आकडा नसल्यामुळे मी इगोरकडे बघायला लागले. दमलाय का, वाकलाय का, मघाशी या अंतरावर त्याचं काय झालं होतं. लोड करणाऱ्याला याची गरजच पडत नाही.

बॅरीला मी पुढे नेलं आणि सगळे पॉइंट चालण्यातच उडवले. समोरच्याने मात्र पॉइंट राखले होते. इंटरप्ट, म्हणजे दुसऱ्याच्या टर्नमध्ये मध्येच मारायची संधी, त्याला मिळाला, दोन गोळ्या, बॅरी जमिनीवर, रक्त वाहतंय. फॉक्सला पट्टी करायला पाठवू की आधी त्या गोळी मारणाऱ्याला उडवू? इथे मी उठून चहा केला. खोटं सांगत नाही, आल्याचा चहा पूर्ण पिऊन मग परतले. कमळाने तीन क्लिक नेम धरून मारलं. हुकलं. इगोरने मारलं, लागलं. फॉक्स सरपटत गेली.

त्यानंतर विमानतळ, गाव, खाण, सगळं ओळीने आलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. खाणीच्या मुकादमाशी बोलायला विसरू नका, नाहीतर पैसा सुरू होत नाही आणि आपण दोन दिवस वाट बघत बसतो (बसले). बॉबी रे या गेममधल्या बंदूकवाल्याकडे पहिली ऑर्डर टाकलीय. माल विमानतळावर उतरतो आणि तिथला पाब्लो त्यात हात मारतो, तेव्हा त्याच्याकडे एकदा बघावं लागणार.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "बॅरी पडला? मग लोड केलंस ना?"

"आयर्न मॅन आहे रे."

"अगं, मग मेला असता तर?"

"तर मेला असता."

तो जरा वेळ गप्प. मग विचारतो, स्ट्रासियाटेला विंडोजवर चालतं का. चालतं.

सध्या: ड्रॅसनचे तिन्ही सेक्टर आपल्याकडे, इरा मिलिशिया शिकवतेय, बॅरी अर्ध्या तब्येतीवर आडवा, फॉक्स त्याची डॉक्टर. बॅरीचा करार परवा संपतोय आणि नवीन आठवड्याचे पैसे दिले तर डी15 सेक्टरमधलं सॅम (विमानं पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांचं) ठाणं घ्यायला गोळ्या पुरणार नाहीत. ठेवू की सोडू ते उद्या रात्री ठरवेन. त्याआधी बॅटरी आणायला बुधवारात जायचंय.