बळकावली नाही, दिली

परवा रात्री लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही, आमच्या राजापूरकडे आषाढात हे काही नवीन नाही, तर भाचा ओटीवर बॅटरी लावून एमपीएससीच्या नोट्स वाचत होता आणि त्याला मोठ्याने वाचायची सवय आहे त्यामुळे कानावर आलं, ‘१९३३ साली हिटलरने सत्ता बळकावली.’ मी भाकरी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले. म्हटलं, बळकावली नाही रे बाबा, त्याला दिली. बळकावायला तो आधी गेला होता, १९२३ मध्ये म्युनिकला, तेव्हा फसला. पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातली एका वर्षाचीही भोगली नाही आणि सुटला. मग त्याने मतपेटीचा रस्ता धरला.

१९२८ ला त्याच्या नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती, खासदार फक्त १२. मग जगभर मंदी आली, १९३२ पर्यंत जर्मनीत साठेक लाख माणसं बेकार झाली. बेकारीने घरात काय होतं ते आमच्या वाडीला सांगायला नको, गिरण्यांच्या संपानंतर मुंबईहून ट्रंका घेऊन परत आलेली माणसं मी लहानपणी बघितलीयत, दिवसभर पारावर गप्प बसायची. अशा माणसाला कुणी येऊन सांगितलं की तुझी चूक नाही, हे सगळं अमक्यांमुळे झालं, तर त्याला ते पटतं. तिकडे ते अमके म्हणजे ज्यू आणि कम्युनिस्ट. जुलै १९३२ ला ३७ टक्के मतं, २३० खासदार, सगळ्यात मोठा पक्ष, पण बहुमत नाहीच.

आणि आता मला जे सगळ्यात जास्त लागतं ते. नोव्हेंबर १९३२ ला परत निवडणूक झाली त्यात त्यांची वीस लाख मतं कमी झाली. उतरती कळा लागली होती हो! आणि तेव्हाच फॉन पापेन नावाच्या माजी चॅन्सेलरने, म्हणजे तिकडच्या पंतप्रधानाने, म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गला पटवलं की याला चॅन्सेलर करा, मी उपचॅन्सेलर होतो, मंत्रिमंडळात त्याची माणसं त्याला धरून तीनच ठेवू, बाकी आपलीच. दोन महिन्यांत त्याला कोपऱ्यात असा दाबू की किंचाळेल, असं पापेन बोलल्याची नोंद आहे. ३० जानेवारी १९३३ ला शपथविधी झाला. पण त्या तिघांतल्या गोरिंगकडे प्रशियाचं पोलीस खातं गेलं, सगळ्यात मोठ्या राज्याचं, आणि काही आठवड्यांत पक्षाचे गुंड सरकारी पट्टा बांधून सहायक पोलीस झाले. (इटलीत १९२२ ला सत्ता अशीच दिली गेली, मुसोलिनीला रोखायला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावायच्या हुकमावर राजाने सही केली नाही आणि उलट त्यालाच बोलावून घेतलं.)

२७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली, दुसऱ्याच दिवशी वटहुकूम, बोलायचं स्वातंत्र्य, सभा, टपालाची गुप्तता सगळं स्थगित. तोही घटनेतल्याच ४८ व्या, आणीबाणीच्या कलमाखाली.

मग २३ मार्च. संसदेला न विचारता सरकारने कायदे करायचे असा कायदा, त्याला दोन तृतीयांश मतं हवी होती. कम्युनिस्टांचे ८१ खासदार सभागृहात येऊच दिले नाहीत, आत पक्षाचे गणवेशातले लोक भिंतीला लागून उभे. कॅथलिकांचा सेंटर पक्ष अडून बसला, आम्हाला हमी लेखी द्या म्हणाला. पत्र देतो असं सांगितलं गेलं, मतदान झालं, पत्र कधी आलंच नाही. आमच्याकडे आंब्याच्या कलमांची वाटणीसुद्धा कुणी कागद हातात आल्याशिवाय मान्य करत नाही, आणि यांनी अख्खा देश तोंडी शब्दावर सोडला. ४४४ विरुद्ध ९४.

भाचा म्हणाला, आत्या, पण आपल्याकडे असं कुठे होतंय. मी म्हटलं, २५ जून १९७५ ची आणीबाणीही घटनेतल्याच कलमाने आली होती, आपल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते बंगलोरच्या जेलमध्ये आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. माझे वडील प्राथमिक शिक्षक, ते तेव्हा बीबीसी लावताना खिडक्या बंद करायचे. फरक एवढाच की १९७७ ला निवडणूक झाली आणि लोकांना मत देता आलं, दंडवते परत निवडून आले. जर्मनीत जुलै १९३३ नंतर मत द्यायला दुसरा पक्षच ठेवला नव्हता. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगडला, त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगून ठेवलंय की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, ते तुझ्या नोट्समध्ये आहे का बघ. नव्हतं.

बराच वेळ तो काही बोलला नाही, बाहेर पागोळ्यांचा आवाज चाललेला. मग विचारलं, आत्या, त्या ९४ जणांचं काय झालं?

ते सगळे सोशल डेमोक्रॅट पक्षाचे. त्यांचेही काही खासदार त्या दिवशी आधीच अटकेत नाहीतर परागंदा होते. आमचं स्वातंत्र्य आणि जीव घेता येईल, अब्रू नाही, असं त्यांचे नेते ओटो वेल्स त्या गणवेशवाल्यांसमोर उभं राहून बोलले. तीन महिन्यांत पक्षावर बंदी आली, कित्येक जण छळछावणीत गेले. वेल्स आधी प्रागला, मग पॅरिसला गेले आणि सप्टेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते, तिथेच वारले.